ताप उतरल्यावर

डेंग्यूच्या पेशंटला ताप आहे तोवर मला फारशी धास्ती वाटत नाही. ताप उतरला की मात्र त्या बेडवरून माझी नजर हलत नाही. घरच्यांचं नेमकं उलट असतं. गणपती उठले की आमचा नवी मुंबईतला मेल मेडिकल वॉर्ड डेंग्यूने भरतो आणि रोज सकाळी कुणी ना कुणी काउंटरवर येऊन विचारतं, "सिस्टर, रात्रीपासून ताप नाही, आज सोडणार ना?"

त्या दिवशी विचारणारे कोपरखैरण्याचे एक काका होते. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, मूळचे पाटणकडचे. मुलगा २२ वर्षांचा, आजाराचा पाचवा दिवस. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, सत्तर हजारांवर घसरायच्या थांबल्या होत्या, म्हणून घरचे खूश. प्लेटलेटच्या आकड्याने लोकांना इतकं पछाडलंय की बाकी पेशंटकडे कुणी बघतच नाही. मोबाइलवर रिपोर्टचे फोटो फिरतात, थर्मासमधून पपईच्या पानांचा रस येतो. डॉक्टरांचा राउंड होऊन गेला होता आणि पेपरवर लिहिलं होतं, 'व्हायटल्स स्टेबल', म्हणजे नाडी, बीपी वगैरे ठीक.

जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तेव्हा आमच्याकडे पोस्टिंगला होती. कळव्याला राहते, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बरने येते. अबोल. ती टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, घेत त्या बेडपाशी पोहोचली. मशीनने बीपी दाखवलं १०२/७४. पुढच्या बेडला जायचं सोडून तिने मुलाचा हात हातात घेतला, मग पांघरूण सारून पावलं चाचपली. घोट्यापर्यंत गार. नख दाबून सोडलं तर रंग परत यायला वेळ लागत होता. तिने मशीन बाजूला केलं आणि कपाटातला हाताने फुगवायचा कफ, म्हणजे बीपीचा दंडाला बांधायचा पट्टा, आणला.

हे मी विद्यार्थिनींकडून घोटून घेते. मनगटाची नाडी बोटाखाली धरून कफ फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की आणखी ३० मिलिमीटर वर न्यायचा, मग हवा अगदी सावकाश सोडायची, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर. स्टेथोत पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. घाईने हवा सोडली की दोन्ही आकडे चुकतात. तिने दोनदा घेतलं आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, ९८/८२ येतंय. नाडी ११८. आणि सकाळपासून लघवीला गेलेला नाही."

दोन आकड्यांत १६ चं अंतर. डेंग्यूत ते २० किंवा त्याखाली आलं की पेशंट शॉककडे निघालाय, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होतंय, असं समजायचं. ताप उतरतो त्या सुमारास, २४ ते ४८ तास, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं. शरीर वाहिन्या आवळून वरचा आकडा धरून ठेवतं, त्यात खालचा चढतो. म्हणून वरचा आकडा बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. मुलगा तर बोलत होता, पोट दुखतंय म्हणून कुरकुरत होता. वडील म्हणाले, "उपाशी आहे ना, म्हणून."

आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला, फोन केला. तो लगेच आला आणि एका विद्यार्थिनीने घेतलेलं बीपी त्याने स्वतः पुन्हा मोजलं. त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो, सगळे असं करत नाहीत. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय तो आकडा, आदल्या दिवशी ४१ होता, आता ५० आला. अठरा नंबरचा इन्ट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची सुई-नळी, टाकून नॉर्मल सलाईन सुरू केलं. वजन ६० किलो, किलोमागे तासाला ५ एमएल, म्हणजे ३०० एमएल. वॉर्डात सलाईनचा पंप नाही, त्यामुळे एमएलला वीस थेंब पडणाऱ्या सेटवर मिनिटाला १०० थेंब घड्याळ धरून लावायचे. कमी गेलं तर शॉक, जास्त गेलं तर तेच पाणी फुप्फुसात. तासाभराने अंतर २८ वर आलं, मग वेग कमी करत गेलो. चारच्या सुमारास मुलाने २०० एमएल लघवी केली. ती बाटली बघून मला झालेला आनंद बाहेरच्या माणसाला कळायचा नाही.

ड्यूटी संपताना खाली त्या मुलीचे वडील उभे होते. तिला शिक्षण सोडायला लावायचं त्यांच्या मनात होतं. स्थळ आलंय, त्या लोकांना नाईट ड्यूटी नको आहे, आणि लोकांची घाण काढायला पोरीला कशाला शिकवायचं, असं घरात चाललेलं. मी सकाळची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तिथे डॉक्टर नव्हते का?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. डॉक्टर होते, चांगले होते. पण वाचलेल्या मुलाकडे बघून काय टळलं ते दिसत नाही. पोरगं बिस्किट खात बसलेलं, डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचं नाव, आणि नर्सेस नोट्समधल्या तिच्या नोंदीखाली माझी सही, कारण विद्यार्थिनीची नोंद स्टाफच्या सहीशिवाय चालत नाही.

तिसरं वर्ष पूर्ण केलं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळेल, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे, असं मी त्यांना समजावलं. तिला जर्मनीला जायचंय. त्यासाठी बी-टू या पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते आणि तिचा क्लास सुरू आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ती जाईल म्हणून मला वाईट वाटतं, पण तिला थांब म्हणायला माझ्याकडे काय आहे? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. आमच्याकडे ३० बेडला दोघी, त्यातली एक अर्धा वेळ फायलींत. उरलेलं काम विद्यार्थिनींच्या जिवावर चालतं आणि याची लाज वरच्या कुणालाच वाटत नाही.

रविवारी ते तिच्या आईला घेऊन पुन्हा येणार आहेत. या वेळी मी बोलणार नाही. आईच्या दंडाला कफ मुलगी बांधेल, स्टेथो वडिलांच्या कानाला लावू, आणि पहिला ठोका कुठे लागला, आवाज कुठे थांबला, ते आकडे त्यांनाच सांगायला लावणार आहे.