फील्ड नॉर्मल

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. केसपेपर उघडल्यावर माझंच अक्षर दिसलं. दोन्ही डोळे ६/६, फील्ड (नजरेचा घेर) नॉर्मल, खाली माझी सही. तीन आठवड्यांपूर्वीची.

"मॅडम, समोरचं झकास दिसतंय. बाजूचंच जातंय की."

मागच्या वेळीही तो हेच म्हणाला होता. तेव्हा शनिवार होता, बाहेर बाकड्यावर जागा नव्हती, आणि चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर त्याने सहा महिन्यांपूर्वी दुसरीकडे केलेलं. दुसरीकडे लेझर करून आलेल्या पेशंटकडे आमच्या धंद्यात जरा कोरडेपणानेच बघतात: ज्यांनी केलं त्यांनी निस्तरावं. मी त्याला फील्ड तपासायच्या हम्फ्री मशिनवर बसवलं, रिपोर्ट स्वच्छ आला, कोरडेपणाचे ड्रॉप देऊन घरी पाठवलं.

या वेळी मात्र विचारलं, "जातंय म्हणजे नक्की कुठे?"

"आत गेल्यावर कोपऱ्याचा पाय कधी उचलला ते कळतच नाही."

"कसला कोपरा?"

"कबड्डी, मॅडम. मी चढाईला असतो."

केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' लिहिलेलं. काउंटरवरची मुलगी सगळ्यांनाच 'नोकरी' नाहीतर 'गृहिणी' लिहिते. पण मीही विचारलं नव्हतंच.

आमच्या फील्ड टेस्टबद्दल बाहेर कुणाला माहीत नसतं ते सांगते. आम्ही रोज जी टेस्ट करतो तिचं नाव २४-२. ती मधल्या बिंदूपासून साधारण २४ अंशांपर्यंतच बघते. काचबिंदूसाठी ती उत्तम आहे. पण माणसाची नजर कानाच्या बाजूला ९० अंशांच्या आसपास पोचते, म्हणजे बाजूची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची मी मधलीच जागा तपासली होती. शिवाय मशिन एवढंच विचारतं की ठिपका दिसला का. कसा दिसला हे विचारत नाही. धूसर दिसला तरी माणूस बटण दाबतो.

आधी पडदा तपासून घेतला, कारण जास्त मायनस नंबरवाल्याने 'बाजूला अंधारी' म्हटलं की पहिली भीती पडदा सुटण्याची. लेझरने कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, पातळ होतो, नंबर जातो; लांबट डोळा आणि त्याचा ताणलेला पडदा तसाच राहतो. नंबर गेला म्हणजे डोळा नॉर्मल झाला असं लोकांना वाटतं, आणि जाहिराती ते वाटू देतात. आमच्या रेटिनाच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून, डोळा बाहेरून दाबून कडेपर्यंत पाहिलं. डावीकडे एका जागी पडदा पातळ, छिद्र नाही. सुटलेला तर नाहीच.

मग दुसऱ्या दिवशी, बाहुली पूर्ववत झाल्यावर, मी जे केलं ते अभ्यासक्रमात आहे पण ओपीडीत कुणी करत नाही. खोलीत अंधार केला, त्याला समोर न बघता भिंतीवरच्या एका खुणेकडे बघायला लावलं, माझ्यापासून ३० अंश बाजूला, आणि रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात प्रकाशाचा पट्टा फिरवून नंबर काढायच्या उपकरणाने, त्या तिरक्या वाटेने त्याचा नंबर काढायला बसले. सरळ समोरून नंबर शून्य. सुरेख, सलग पट्टा. तिरक्यातून तोच पट्टा मोडला. कात्रीची पाती उघडमीट करावीत तसे दोन तुकडे समोरासमोर हलत होते. मायनस तीनच्या आसपास कसाबसा थांबवला, तरी नीट जुळला नाही.

कुठल्याही डोळ्यात बाजूने थोडा सिलिंडर (एकाच दिशेतला जास्तीचा नंबर) निघतोच, म्हणून आमच्या शिकाऊ मुलीलाही तसंच बसवलं. तिला सात नंबर आहे, लेझर झालेलं नाही. तिचा बाजूचा नंबर मधल्यापेक्षा कमी निघाला. म्हणजे अगदी उलटं.

कारण सरळ आहे. लेझर कॉर्नियाचा मधला भाग सपाट करतं. त्याभोवती उताराची एक पट्टी, आणि बाहेर मूळचा कॉर्निया. बाहुली कॉर्नियाच्या साधारण ३ मिलिमीटर आत असते. ३० अंशांवरून येणारा प्रकाश बाहुलीत शिरायचा तर कॉर्नियावर पावणेदोन मिलिमीटर बाजूनेच येणार. त्यात संध्याकाळची मोठी झालेली बाहुली धरा. तिच्या कडेचा प्रकाश सपाट भाग सोडून उतारावरून आणि जुन्या नंबरातून येतो. रात्रीच्या स्पर्धेत चार खांबांवर दिवे आणि पलीकडे शेतातला अंधार. दिवे कसे दिसतात विचारलं, तर म्हणाला, "कापूस पिंजल्यागत."

मग बाकीचे पेशंट का तक्रार करत नाहीत? ते चष्म्यातून आलेले असतात. फ्रेमच्या बाहेरचं त्यांना वर्षानुवर्षं धूसरच. लेझरनंतर एकदम बाजू मिळते, खूश होतात. हा मात्र खेळताना सॉफ्ट लेन्स घालायचा. लेन्सचा नंबरवाला भाग ८ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो डोळ्याबरोबर फिरतो. त्याच्याकडे बाजू होती, ती गेली.

त्याची जुनी फाईल मागवली. कॉर्निया ५०५ मायक्रॉन. नंबर साडेसात. फ्लॅप, म्हणजे लेझरआधी कापून उचललेला कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, ११०. झोन, म्हणजे लेझरने सपाट केलेला मधला भाग, ६ मिलिमीटर. लेझरने किती जाडी जाते त्याचा पाठच्या कागदावर हिशेब मांडला: झोनचा वर्ग गुणिले नंबर, भागिले तीन. ६ च्या झोनला ९० मायक्रॉन जातात, खाली ३०५ उरतात. साडेसहा घेतला असता तर १०६ गेले असते, उरले असते २८९. सर्जनने ३०० च्या वर राहायचं ठरवलं असणार. मी चूक म्हणणार नाही. पातळ कॉर्नियावर जास्त घासण्यापेक्षा रात्रीचे पिंजलेले दिवे परवडले.

पण फ्लॅप होता. कबड्डी खेळणाऱ्याच्या डोळ्यावर. मार लागला तर फ्लॅप वर्षांनंतरही सरकू शकतो, म्हणून अंगाला भिडणारे खेळ खेळणाऱ्याला पीआरके नावाचं फ्लॅपशिवायचं लेझर सुचवतात. चार दिवस दुखतं, नजर हळूहळू येते, आणि एवढ्या नंबरला चट्ट्याची भीती असते, हे खरं. पण तिथे फ्लॅपचे ११० जात नाहीत. झोन साडेसहाचा, कदाचित मोठाही, आरामात बसला असता. एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो त्यांनीही विचारला नाही, मीही नाही. त्यानेही सांगितलं नाही. नाहीतर म्हणतील नको करूस, असं त्याला वाटलेलं.

सरांना सगळं दाखवलं. "६/६ वाल्याचं काय ट्रीट करायचं?" असं म्हणतच त्यांनी बाहुली फार मोठी होऊ न देणारा एक ड्रॉप लिहून दिला, सामन्याआधी घालायला. मी फ्लॅपचं समजावलं. त्याने मान डोलावली, तशी सगळेच डोलावतात. कडेचा तो धूसरपणा खरंच पाय चुकवायला पुरेसा आहे, की सहा महिने खेळ सुटल्यामुळे होतंय, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. बाजूचा पडदा मुळातच बारीक काही बघत नाही. पण मोडलेला पट्टा मी डोळ्यांनी पाहिलाय.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, ड्रॉपचं नाव विचारायला. बाटली हरवली म्हणाला.

"कसं चाललंय?"

"चढाई सोडली, मॅडम. आता पकडीला असतो, मधे. समोरचंच बघायचं, काय त्रास नाही."

पकडीला असणाऱ्याच्या तोंडावर गुडघा बसतो, हे कळायला कबड्डी खेळावी लागत नाही. मी परत फ्लॅपचं सुरू केलं. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली, आणि तो म्हणाला, "ठेवतो हं मॅडम, सराव आहे."