टीआर ६ चा मागचा खणखणाट आणि चॅसिसचं वेल्डिंग – माझा अनुभव

माझी ट्रायम्फ टीआर ६ ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९७१ ची, म्हणजे इथेच कॉव्हेंट्रीला कॅन्लीच्या कारखान्यात बनलेली, आणि मीपण सध्या इथेच राहतो त्यामुळे गाडी माहेरीच आहे म्हणायचं. गेल्या हिवाळ्यापासून क्लच सोडला की मागून खण्ण असा आवाज यायला लागला. जो तो सांगायचा डिफरन्शियलचे (इंजिनचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) रबर बदल, पॉलीबुश (रबराऐवजी कडक प्लास्टिकचे बुश) टाक. पण या गाडीत असा आवाज आला की आधी चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) बघायची हे टीआरवाल्या कोणालाही विचारा.

कारण असं की डिफरन्शियल चार पिनांवर लटकतो, आणि त्या पिना ज्या ब्रॅकेटमध्ये आहेत ते नुसता पत्रा वाकवून चॅसिसला वेल्ड केलेले. हे डिझाइन १९६५ च्या टीआर ४ए पासूनचं, त्यात पुढे अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आलं, कंपनीच्या आकड्यात १५० बीएचपी. अॅक्सिलरेटर दाबला की डिफचं नाक वर उचलतं आणि सगळा झटका पुढच्या पिनांवर, त्यातही बहुतेक गाड्यांत पुढची उजवी पिन आधी जाते. माझीही तीच.

काम सुरू करायच्या आधी पेट्रोलची टाकी बाहेर. यात अजिबात आळस नको, टीआर ६ मध्ये टाकी सीटच्या मागे म्हणजे डिफच्या जवळजवळ डोक्यावरच असते. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवल्या, गाडी चॅसिसखाली चार स्टँडवर लेव्हलमध्ये घेतली, मग प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा), दोन्ही हाफशाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि शेवटी डिफ खाली, तो भयंकर जड असतो, एकट्याने उतरवू नका.

खरा वेळ गेला तो घासण्यात. पन्नास वर्षांचं अंडरसील (गंज लागू नये म्हणून खालून मारलेला थर), मेण, ऑइल, माती सगळं ग्राइंडरला वायर ब्रश लावून काढलं तेव्हा चीर दिसली, पिनच्या मुळाशी सुरू होऊन वेल्डच्या कडेकडेने गेलेली. वेल्डिंगचं काम माझ्या ओळखीच्या एका रिटायर्ड फॅब्रिकेटरने केलं, मी आपला पडेल ते काम करणारा पोऱ्या. (शिरोली एमआयडीसीत मामाच्या वर्कशॉपमध्येही मी हेच करायचो.) त्याने आधी चार भोकांचं अँगलचं टेम्प्लेट बनवून पिनांची जागा पक्की केली, नाहीतर उष्णतेने पिन सरकली तर डिफ परत बसणारच नाही. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही, चीर व्ही आकारात उघडून मिग वेल्डिंगने भरली, आणि मग उघड्या ब्रॅकेटला बाजूने आणि खालून प्लेट लावून बंद डबा केला, त्यामुळे पिनला दोन्ही टोकांना आधार मिळाला.

मला वाटत होतं प्लेट चांगली जाड घ्यावी, तो म्हणाला नको, पातळ पत्र्यावर जाड प्लेट ठोकली की पुढची चीर प्लेटच्या कडेला येते. मूळ पत्र्यापेक्षा जेमतेम जाड घ्यायची, कडा गोल ठेवायच्या आणि लोड लांबपर्यंत पसरवायचा. पटलं. वेल्डही सलग नाही मारला, थोडा इथे, थोडा तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचा. आतलं मेण दोनदा पेटलं, एक्स्टिंग्विशर हाताशीच होतं. उरलेल्या तीन पिनांना चिरा नव्हत्या पण सगळं उघडलंच आहे तर त्यांनाही तसेच डबे करून घेतले.

रबर मी साधेच टाकले, पॉलीने कडकपणा वाढतो आणि झटका परत त्याच पत्र्यावर, माझं मत. प्रायमरवर काळा नाही, फिकट ग्रे रंग मारला, उद्या बारीक चीर आली तरी दिसेल.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे ब्रिटनमध्ये एमओटी (गाडीची दरवर्षीची तपासणी) सक्तीची नाही, तरी मी करून घेतली, दुसऱ्या कोणाची तरी नजर फिरलेली बरी. आवाज पूर्ण गेलाय. आता मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (मागचं चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) अॅल्युमिनियममधले स्टडचे आटे गेलेत असं दिसतंय, बायकोला अजून सांगितलं नाहीये.