नव्वद टक्के झालेलं काम आणि एक सही

काम पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदनाचा मेल आला, तेव्हा आमची प्रलंबित मुद्द्यांची शीट चांगली लांबलचक होती. मेल आमच्या वरिष्ठांनीच पाठवला होता, वरपासून खालपर्यंत सगळ्यांना. हेतू चांगलाच असणार. पण तो मेल निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले आणि राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

काम असं: निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनच्या नोंदी जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये न्यायच्या. टीम माझ्याकडे होती. मंजुरी, आराखडा, ट्रेनिंग याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळं बऱ्यापैकी पार पडलं. घोडं अडलं ते शेवटी, खात्याने ‘काम स्वीकारलं’ म्हणून सही करायची तिथे.

मेलनंतर लगेच माझी दोन हुशार माणसं पुढच्या प्रोजेक्टवर गेली. साहजिकच आहे, काम ‘झालं’ होतं ना! खात्यातले लोक टेस्टिंगला यायचे बंद झाले. फोन केला की उत्तर यायचं, “मॅडम, झालं ना तुमचं? मेल आलाय की.” आणि ज्यांनी इतके दिवस ढुंकून पाहिलं नव्हतं ते आता रांगेत उभे, “झालंच आहे, तर तेवढा एक रिपोर्ट टाकून द्या.” तेवढा एक, असे पाच जण.

स्टेटस मीटिंगमध्ये मी ‘नव्वद टक्के’ सांगायची. बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतले टॉम कारगिल यांच्या नावावर एक खोचक हिशेब सांगितला जातो: पहिल्या नव्वद टक्के कोडला ठरलेल्या वेळातला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. बेरीज एकशे ऐंशी. तो मी मीटिंगमध्ये ऐकवला. सगळे हसले आणि पुढचाच प्रश्न आला, “बरं, मग शंभर कधी?”

ते दहा टक्के कसे होते, ते सांगते. जुन्या सिस्टिममध्ये जन्मसाल दोन आकडी होतं. वाटेत डेटा एक्सेलमधून जायचा आणि एक्सेल 00 ते 29 हे आकडे आपणहून 2000 नंतरचे धरतं. त्यामुळे 1927 साली जन्मलेले आजोबा नव्या सिस्टिममध्ये 2027 साली जन्माला येणार होते. ज्यांची तारीख मुळात रिकामी होती, त्या सगळ्यांचा जन्म 1 जानेवारी 1900 रोजी झालेला. एकेक नोंद कागदी फाइलशी ताडून बघण्याखेरीज इलाज नव्हता, आणि तेव्हाच माझी माणसं काढून घेतलेली.

ओरड केल्यावर वरिष्ठांनी बदली नवी माणसं दिली. उशीर झालेल्या कामात आणखी माणसं ओतली की ते आणखी लांबतं, हे फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी 1975 सालीच लिहून ठेवलंय. नव्यांना शिकवायला बसणार ते जुनेच, म्हणजे त्यांचंही काम थांबतं. मी नव्यांना सिस्टिमला हातच लावू दिला नाही. फाइल काढा, तारीख वाचा, यादीत टिक करा, एवढंच. हा निर्णय माझा आणि तो अगदी बरोबर होता, हे इथे सांगून टाकते.

आता ती सही. स्वीकृतीच्या फॉर्मवर छापलेलं वाक्य होतं: ‘या प्रणालीसंदर्भात कोणताही मुद्दा प्रलंबित नाही.’ खात्याच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, “यादी शून्य करून आणा, सही देते.” त्यांचं काही चुकत नव्हतं. उद्या ऑडिट आलं तर नाव त्यांचं. इकडे वरिष्ठ म्हणायचे, “आधी सही घेऊन या, बाकीचं नंतर बघू.” काम संपल्याचं वर सांगून बसल्यामुळे त्यांना मागे येता येत नव्हतं. मी मधे. आम्ही चार मुद्दे मिटवायचो, टेस्टिंगमध्ये तीन नवे निघायचे. फॉर्म जायचा, ‘यादी शून्य नाही’ म्हणून परत यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. एकदा तर खात्यातल्या कुणाच्या तरी टेबलावर नुसता पडून राहिला, कारण तो पुढे न्यायचा कुणी हेच ठरलेलं नव्हतं.

या काळात वरिष्ठांचं काय चाललं होतं म्हणाल, तर ते रिपोर्टच्या डोक्यावर लोगो डावीकडे हवा की मधोमध यावर बोलत होते. आधी कधी स्क्रीन उघडून न बघणारा माणूस आता रोज स्क्रीनशॉट पाठवायचा. मला वाटतं, शेवट दिसायला लागला की वरच्यांना हातात काहीतरी धरावंसं वाटतं, आणि जन्मतारखांपेक्षा लोगो धरायला सोपा. मी त्यासाठी वेगळी शीट करून दिली, ‘दिसण्याचे मुद्दे’ नावाची. त्यांच्या सूचना तिथे साठायच्या. माझी टीम तरी मोकळी राहिली.

अडकलेलं सुटलं ते असं. मी शीट छापून घेतली आणि मॅडमच्या समोर जाऊन बसले. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यामुळे पुढच्या महिन्यात कुणाचं पेन्शन थांबेल किंवा चुकेल का? पहिल्या पानावर त्या सावध होत्या. दुसऱ्या पानापासून स्वतःच पेन घेऊन फुल्या मारायला लागल्या. पेन्शन अडवणारे मुद्दे मूठभर निघाले, त्यात जन्मतारखा आल्याच. ते मिटवल्याशिवाय सही मागायची नाही, हे मी कबूल केलं. बाकीचे परिशिष्टात गेले, प्रत्येकापुढे करणाऱ्याचं नाव आणि तारीख.

पण फॉर्मवरच्या वाक्याचं काय? “छापील मजकूर बदलता येणार नाही,” असं आधीच ऐकवलं गेलं होतं. तेव्हा मी तो फॉर्म पहिल्यांदा तळापर्यंत वाचला. अगदी खाली बारीक अक्षरात ‘शेरा’ नावाचा रकाना. आत्तापर्यंतच्या एकाही फॉर्मवर तो कुणी भरलेला दिसला नाही. जन्मतारखा मिटल्यावर मॅडमनी तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘परिशिष्टातील मुद्दे वगळून स्वीकृत’, आणि सही केली. इतके आठवडे ज्यावर डोकं आपटलं ते पाच मिनिटांत झालं. आनंद झाला की संताप आला, मला अजून ठरवता येत नाही.

प्रत्यक्ष सिस्टिम बदलायच्या दिवसाबद्दल थोडंच सांगते. 1996 साली मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात 8 गिर्यारोहकांचा जीव गेला. दुपारी अमुक वेळेनंतर वर जायचं नाही, मागे फिरायचं, ही पद्धत तिथे सगळ्यांना ठाऊक होती. तरी शिखर समोर दिसत असताना काही जण दोननंतरही चढत राहिले. वर पोचलेला माणूस मागे फिरायचा निर्णय तिथे उभं राहून घेऊ शकत नाही, तो खालीच घेऊन ठेवावा लागतो. म्हणून रविवारी दुपारी तीनपर्यंत दोन्ही सिस्टिममधली पेन्शनची एकूण बेरीज पैशापर्यंत जुळली नाही, तर जुन्या सिस्टिमवर परत, हे मी शुक्रवारीच वरिष्ठांच्या सहीने घेऊन ठेवलं. बेरीज जुळली. घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

आता आठवतील तशा काही गोष्टी. काढून नेलेली दोन माणसं मी अर्ध्या दिवसापुरती परत मिळवली, पण भांडून नाही. कुठल्या कामाला त्यांचे किती तास लागतील हे लिहून दिलं, तेव्हा मिळाली. नुसतं ‘माणसं कमी पडतायत’ म्हटलं की कुणी ऐकत नाही. माणसं सोडण्याची तारीख स्वीकृतीच्या सहीशी बांधून घ्या, आणि ते काम सुरू होतानाच. ‘पूर्ण’ म्हणजे काय तेही तेव्हाच लिहून ठेवा, नंतर प्रत्येकाचं वेगळं निघतं. ‘तेवढा एक रिपोर्ट’वाल्यांना नाही म्हणू नका, त्यांना पुढच्या टप्प्याची तारीख द्या. निम्मे तर परत येतच नाहीत.

हो, आणि शेऱ्यासकट सही झालेल्या कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा. काही महिन्यांनी आम्हाला विचारलं गेलंच, “परिशिष्ट? कसलं परिशिष्ट?”