हाताने पेप्टाइड संश्लेषण : द्रावक आणि नायट्रोजनचा प्रवाह सांभाळताना आलेला अनुभव

ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे १९८४ च्या नोबेल पारितोषिकाने गौरवल्या गेलेल्या पद्धतीत पेप्टाइडची, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या अमिनो आम्लांची, साखळी रेझिनच्या (न विरघळणाऱ्या पॉलिमरच्या) बारीक मण्यांवर वाढत जाते. मणी जागच्या जागी राहतात आणि द्रावक तेवढे बदलत राहते. पुण्यातील प्रयोगशाळेत मी हे संश्लेषण हाताने करू लागले, तेव्हा माझा बराचसा वेळ अभिक्रियेपेक्षा वायू आणि द्रावक यांना वळण लावण्यातच गेला.

पात्र म्हणजे तळाशी सच्छिद्र काचेची चकती, म्हणजे फ्रिट, असलेली उभी नळी आणि तिच्याखाली तीन तोंडांचा स्टॉपकॉक, म्हणजे फिरवायची चावी. चावी एका बाजूला फिरवली की नायट्रोजन खालून वर येऊन मणी ढवळतो. दुसऱ्या बाजूला फिरवली की द्रावक व्हॅक्यूम लावलेल्या फ्लास्कमध्ये उतरते. चुंबकीय ढवळणी येथे टाळतात, कारण तिच्याखाली मणी भरडले जाऊन त्यांचा चुरा फ्रिटच्या छिद्रांत बसतो.

सिलिंडरच्या रेग्युलेटरवर मणी ढवळण्यापुरता मंद प्रवाह स्थिर राहत नाही, म्हणून पुढे नीडल व्हॉल्व्ह (बारीक नियंत्रणाची झडप) बसवला आणि द्रावक उलटे वायूच्या नळीत शिरू नये यासाठी मध्ये एक ट्रॅप, म्हणजे रिकामी बाटली, जोडला. पात्राचे वरचे तोंड कधीही घट्ट बंद करायचे नाही, हे तर काचेच्या बाबतीत सांगायलाच नको. क्रमही महत्त्वाचा ठरला: आधी नायट्रोजन अगदी हलका सुरू करायचा आणि मग द्रावण ओतायचे. तसे न केल्यास महागडे अमिनो आम्ल फ्रिटखालच्या पोकळीत उतरते आणि अभिक्रियेत भागच घेत नाही.

बुडबुडे जोरात सोडले की मणी भिंतीवर उंच चिकटतात. जोडणीनंतर मी तळातील आणि भिंतीवरील मण्यांची निनहायड्रिन वापरून कैसर चाचणी केली, तेव्हा तळातले मणी रंगहीन होते, तर भिंतीवरचे निळे, म्हणजे त्यांच्यावरचे अमाइन गट अजून मोकळेच, न जोडलेले होते. (टोकाला प्रोलीन असेल तेव्हा मात्र या चाचणीवर विसंबता येत नाही.) त्यानंतर मणी जेमतेम उलटेपालटे होतील एवढाच प्रवाह ठेवून, अधूनमधून भिंती थोड्या डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकाने खाली धुऊन घेऊ लागले.

धुण्याचे गणित मला सर्वांत पटले. अमिनो आम्लाचे अमाइन टोक तात्पुरते झाकणारा एफमॉक गट काढण्यासाठी डीएमएफमधील २० टक्के पायपेरिडीन हे आम्लारी द्रव्य वापरतात. ते मागे उरले तर पुढच्या अमिनो आम्लाचाही एफमॉक गट निघून तेच आम्ल दोनदा जोडले जाण्याचा धोका असतो. उपसा झाल्यावर मण्यांत २ मिलि द्रव उरतो असे धरले, तर ५० मिलि डीएमएफ एकदम ओतल्याने पायपेरिडीन २६ पट विरळ होते. तेच १० मिलिच्या पाच हप्त्यांत वापरले, प्रत्येक वेळी ढवळून पूर्ण उपसले, तर सात हजारांहून अधिक पट. व्हॅक्यूम मात्र बेताचाच हवा, नाहीतर मण्यांचा थर फ्रिटवर घट्ट बसतो आणि उपसा मंदावतो.

डीएमएफ १५३ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे ते सहज वाळत नाही. म्हणून शेवटी सुमारे ४० अंशांना उकळणाऱ्या डीसीएमने (डायक्लोरोमिथेनने) मणी धुतले. या टप्प्यावर नायट्रोजन वरून खाली, तळाची चावी उघडी ठेवून सोडला, म्हणजे मणी उडत नाहीत. ते वाळूसारखे मोकळे सरकू लागल्यावरच रेझिनचे वजन केले, कारण वाढलेल्या वजनावरून किती साखळी जडली याचा अंदाज येतो आणि मण्यांत डीसीएम राहिले असेल तर हा अंदाज उगाच जास्त येतो.