सही कुठे करायची?

मागच्या शनिवारी 'द सोशल नेटवर्क', फेसबुकच्या जन्माचा सिनेमा, पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला होता २०११ मध्ये, कर्वेनगरच्या फ्लॅटवर. आम्ही तिघी मैत्रिणी सीएसच्या, म्हणजे कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. लॅपटॉप स्टुलावर ठेवलेला, घरमालकीणबाई झोपल्या म्हणून आवाज बारीक, आणि खाली इंग्रजी सबटायटल्स, कारण त्यातला मार्क झकरबर्ग इतका भराभर बोलतो की वाचल्याशिवाय पत्ता लागत नाही. तेव्हा मला ती दोन मित्रांची गोष्ट वाटली होती. एकाने दुसऱ्याचा केसाने गळा कापला, एवढंच लक्षात राहिलं. या वेळी मात्र नजर त्या दोघांवर ठरेना. ती सारखी टेबलाशी बसलेल्या वकिलांकडे जात होती.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. कुठल्या कंपनीत कुणाचे किती शेअर, ते कधी दिले, ठराव नीट झाला का, मिनिट्स लिहिले का, एमसीएच्या, म्हणजे सरकारच्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर फॉर्म वेळेत गेला का, हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा सिनेमा मी आता वेगळ्या जागी बसून पाहते.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. ऑक्टोबर २००३. हार्वर्डच्या हॉस्टेलमधला एक मुलगा रात्री दारू पिऊन मुलींच्या फोटोंची तुलना करणारी साइट बनवतो. त्यासाठी लागणारं गणित त्याचा मित्र एदुआर्दो सॅवरिन खिडकीच्या काचेवर लिहून देतो. ४ फेब्रुवारी २००४ ला 'दफेसबुक' (फेसबुकचं पहिलं नाव) सुरू होतं आणि सुरुवातीचे पैसे एदुआर्दोच घालतो. पुढे कॅलिफोर्निया, नॅपस्टरवाला शॉन पार्कर, गुंतवणूकदार पीटर थील आणि दोन खटले. एक विंकलव्हॉस जुळे भाऊ आणि त्यांचा भागीदार दिव्य नरेंद्र यांचा, की कल्पना आमची चोरली. दुसरा एदुआर्दोचा. सबंध सिनेमा या दोन खटल्यांच्या जबान्यांमधून मागेपुढे जात राहतो. आरोन सॉर्किनची पटकथा १६२ पानांची होती आणि डेव्हिड फिंचरने ती दोन तासांत बसवली. म्हणून ती माणसं अशी घाईने बोलतात. पबमधल्या, मार्क आणि त्याच्या मैत्रिणीच्या पहिल्याच प्रसंगाचे ९९ टेक घेतले होते म्हणे, आणि ते दिसतं. दोघांपैकी कुणीही अभिनय करतंय असं एका क्षणालाही वाटत नाही.

मला बोलायचंय ते सहीच्या प्रसंगाबद्दल.

एदुआर्दो पालो आल्टोला आलेला असतो. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये जाहिराती मिळवण्यासाठी तो दिवसाचे चौदा चौदा तास मेट्रोने वणवण फिरलाय. मध्यंतरी मार्कवर चिडून त्याने कंपनीचं बँक खातंही गोठवलं होतं. आता समेट झालाय. त्याच्यासमोर कागद ठेवले जातात. वकील नम्र, हसतमुख. तुमचे ३४.४ टक्के, असं त्याला सांगतात. आधी तीसच होते, मग वाढले कसे? तर पुढे नवीन लोकांना शेअर द्यावे लागतील, तेव्हा थोडे कमी होतील, म्हणून. तो खूश होतो. त्याला वाटतं, समोर बसलेले वकील आपलेच आहेत. ते कंपनीचे असतात. तो पेन घेतो आणि सही करतो.

पुढे तो पुन्हा येतो तेव्हा त्याचा हिस्सा ०.०३ टक्क्यांवर आलेला असतो. मार्कचा कमी झालेला नसतो. दुसरा सहसंस्थापक डस्टिन मॉस्कोविट्झचा नसतो. शॉन पार्करचा नसतो. जबानीत त्याची वकील एकेकाचं नाव घेऊन विचारते आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं, नाही झाला. या प्रसंगात कुणी ओरडत नाही, मागे संगीत चढत नाही, आणि माझ्या पोटात मात्र गोळा येतो.

हिस्सा पातळ होणं म्हणजे काय, हे मी क्लायंटना आमटीवरून सांगते. घरात पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावं लागतं. सगळ्यांच्या वाटीत ती सारखीच पातळ होते, त्यात अन्याय काही नाही. नवा गुंतवणूकदार आला की असंच होतं, आणि जो पैसे आणतो त्याला शेअर द्यावेच लागतात. थीलने २००४ मध्ये पाच लाख डॉलर घातले नसते तर पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण इथे पातेल्यात पाणी नाही घातलं. एकाच माणसाच्या वाटीत ओतलं, आणि ते ओतायची परवानगी त्याच्याच सहीने घेतली.

प्रत्यक्षातही सॅवरिनचा वाद अशाच कागदांवरून पेटला. २००४ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात कंपनी नोंदवली होती ती त्यानेच. काही महिन्यांत डेलावेअरमध्ये नवी कंपनी निघाली आणि तिने जुनी ताब्यात घेतली. पुढे कोर्टकचेरी झाली, तडजोड झाली, रक्कम गुप्त राहिली आणि सहसंस्थापक म्हणून त्याचं नाव परत लागलं. विंकलव्हॉस बंधूंना साडेसहा कोटी डॉलरची तडजोड मिळाली.

एका बाबतीत मात्र सिनेमा मला पटत नाही, आणि ते सांगितलंच पाहिजे. पबमध्ये मार्कला सोडून जाणारी एरिका काल्पनिक आहे. तिने नाकारलं म्हणून त्याने हे सगळं उभं केलं, शेवटीही तो तिच्याच प्रोफाइलसमोर बसून पुन्हा पुन्हा पान रिफ्रेश करतो, हा सगळा सॉर्किनचा रचलेला धागा. खरा झकरबर्ग २००३ मध्येच प्रिसिला चॅनला भेटला होता आणि पुढे तिच्याशीच लग्न केलं. जिवंत माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या कामामागचा हेतू मात्र आपण ठरवायचा, हे मला बरोबर वाटत नाही. त्याला काहीतरी बनवायचंच होतं, एवढं कारण पुरेसं नव्हतं का? मी रोज असे पंचविशीतले मुलगे-मुली पाहते. त्यांना कुणी सोडून गेलेलं नसतं. त्यांना काम करायचं असतं, रात्र रात्र करायचं असतं, आणि ते करताना आजूबाजूच्या माणसाकडे बघायचं राहून जातं.

या वेळी ज्या पात्राने मला धरून ठेवलं ती मेरिलिन. रशिदा जोन्सने केलेली तरुण वकील, मार्कच्या बाजूची. नोकरीला दुसरंच वर्ष, साहेबांनी नुसतं बसायला सांगितलंय. ती सगळं ऐकते, पाहते, फारसं बोलत नाही. शेवटी खोली रिकामी झाल्यावर मार्कशी चार शब्द बोलते, तडजोड होईल हे सांगते आणि निघून जाते. २०११ मध्ये ती माझ्या लक्षातही राहिली नव्हती. मग २०१६ मध्ये मी तिच्याच खुर्चीत बसले.

(पुढच्या गोष्टीत गाव आणि धंदा मी बदललाय, ओळख पटू नये म्हणून. आकडे तेच आहेत.)

तेव्हा मी एका फर्ममध्ये नोकरीला होते. आमच्याकडे दोन मुलांची कंपनी होती. इंजिनिअरिंगला एका खोलीत राहिलेले, मेसचा एक डबा दोघांत खाल्लेला. कंपनीत दहा हजार शेअर, प्रत्येकी दहा रुपयांचे. एकाकडे सहा हजार, दुसऱ्याकडे चार हजार. दुसरा उदगीरकडचा. वडिलांना पक्षाघात झाला म्हणून तो गावी गेला, आणि जाताना सह्यांची अडचण नको म्हणून संचालकपदाचा राजीनामा देऊन गेला. तो राजीनामा मीच टाइप केला होता. त्याच्या जागी पहिल्याचा सख्खा भाऊ संचालक झाला.

आठ महिन्यांनी राइट्स इश्यू आला. चाळीस हजार नवे शेअर, किंमत दहा रुपयेच. कायदा असा आहे की जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात आधी विचारायचं. दिलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर ते नकार समजायचं, आणि उरलेले शेअर कुणाला द्यायचे ते संचालक ठरवतात. उदगीरच्या मुलाच्या वाट्याला सोळा हजार शेअर येत होते. एक लाख साठ हजार रुपये. ऑफर लेटर मी तयार केलं. रजिस्टरमध्ये त्याचा ईमेल कॉलेजचा होता, त्यावर पाठवलं. पोच आली नाही. परतही आलं नाही.

मुदत पंधरा दिवसांची होती. अकराव्या दिवशी मी सरांना म्हटलं, याचं काही उत्तर नाही, फोन करून बघू का? सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, मेल गेलाय ना, मग झालं. आपला क्लायंट कंपनी आहे. त्या वाक्यात चूक काही नव्हती. मी फोन केला नाही. मुदत संपली, बोर्डाची मीटिंग झाली, त्याचे सोळा हजार शेअर पहिल्याच्या भावाला गेले आणि मी शेअर वाटपाचा फॉर्म पीएएस-३ भरला. पन्नास हजारांत चार हजार. चाळीस टक्क्यांचे आठ टक्के झाले. फी आली, चलन फाइलला लावलं.

तो पावसाळ्यात ऑफिसला आला. ओली बॅग पायाशी ठेवली, पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्यायला. मला वाटलं, भांडेल. तो भांडला नाही. म्हणाला, मॅडम, माझी फाइल बघू का जरा. भागधारक म्हणून रजिस्टर बघायचा त्याला हक्कच होता, मी दिलं. त्याने एकेक पान उलटलं. त्याच्या नावापुढे पत्ता होता, पॅन होता, ईमेल होता. शेवटी कंपनी काढतानाचा फॉर्म होता, त्यावर माझ्याच अक्षरात पेन्सिलने मोबाइल नंबर लिहिलेला. त्यावर त्याने बोट ठेवलं. नखात शाई होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणाला, "हा नंबर माझाच आहे. चालू आहे." मग मोबाइल काढून मला दाखवला. तोच नंबर.

त्याला मी काय उत्तर दिलं असेल? मेल पाठवला होता, असं म्हटलं. तो म्हणाला, कॉलेजचा मेल पास झाल्यावर दोन वर्षांनी बंद करतात, मॅडम. आणि गेला.

तो कोर्टात गेला नाही. त्याच्याकडे ना पैसे होते, ना वेळ, आणि वडील अंथरुणाला खिळलेले. मित्राला त्याने काय म्हटलं, म्हटलं की नाही, मला ठाऊक नाही. ती कंपनी पुढे चालली नाही, दोन वर्षांत बंद झाली. म्हणजे त्या आठ टक्क्यांचं आणि त्या चाळीस टक्क्यांचं मोल शेवटी एकच, शून्य. पण यातून मला कधीही सुटल्यासारखं वाटलेलं नाही. तो शेअर मोजायला आलाच नव्हता. आपल्याला फोन का आला नाही, हे विचारायला आला होता.

म्हणून परवा मी सहीचा प्रसंग थांबवून, मागे नेऊन तीनदा पाहिला. वकिलांचे चेहरे पाहिले. त्यांच्यापैकी कुणालाच त्या मुलाचं वाईट व्हावं असं वाटत नसतं. ते कागद सरळ करतात, सही कुठे करायची ते दाखवतात. मीही अगदी तशीच दाखवते. पिवळी चिकटपट्टी लावते, म्हणजे पान शोधावं लागत नाही.

फर्म सोडून मी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली त्याला आता सहा वर्षं झाली. माझ्याकडे शेअर वाटपाचं काम आलं की मी मेल पाठवते, स्पीड पोस्ट पाठवते आणि फोन करते. दोन भागीदार असले तर दोघांनाही सांगते की मी कंपनीची आहे, तुमची नाही, तुमचा माणूस वेगळा आणा, निदान घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. बऱ्याच जणांना ते आवडत नाही. मैत्रीत असलं काय, असं म्हणतात. एक जोडी तर याच कारणाने दुसरीकडे गेली. जाऊ देत.

शनिवारी सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. इतक्या उशिरा फोन बरा दिसला नसता. रविवारी सकाळी, घरातलं आवरल्यावर, मी तो नंबर लावला. नऊ वर्षांत लावला नव्हता. दोनच रिंग झाल्या. मागे बसस्टँडसारखा गलका होता, कुणीतरी सुट्टे पैसे मागत होतं. मी नाव सांगितलं. क्षणभर तो काही बोलला नाही. मग आवाज ओळखल्यासारखा म्हणाला, "बोला मॅडम. काही सही राहिलीय का?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "सही नाही. फोनच करायचा राहिला होता."