साडेनऊ लिटरची केस: फिश आयचं मूळ सापडलं, रिव्हेट निघाले

मी स्वतः बनवत असलेल्या कॉम्प्युटर केसच्या रंगात पडणाऱ्या फिश आयचं, म्हणजे गोल खड्ड्यांचं, मूळ सापडलं! मागच्या वेळचे फोटो बघून ज्यांनी ‘पत्रा तेलकट आहे’ असं सांगितलं होतं, त्यांचं निदान बरोबर होतं. फक्त ते तेल पत्र्यावर नव्हतं, रिव्हेटच्या सांध्यात होतं. म्हणून वरून कितीही पुसलं तरी काहीच फरक पडत नव्हता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मिनी-आयटीएक्स (लहान मापाचा मदरबोर्ड), सँडविच लेआउट (मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून), एसएफएक्स (लहान मापाचा) पॉवर सप्लाय, बाहेरून ३२० × २३० × १३० मिमी. पत्रा २ मिमी ५०५२ ॲल्युमिनियमचा, लेझर कटिंग आणि बेंडिंग भोसरीत करून घेतलं. (दुकानदार ६०६१ टी-६ घ्या म्हणाला तर नको म्हणा. छोट्या रेडियसला वाकवला की बेंडवर चिरा पडतात.) पॅनेल आतल्या अँगलवर काउंटरसिंक (डोकं पत्र्याच्या पातळीत बसणाऱ्या) पॉप रिव्हेटने बसवलेली. एच प्राइमरवर (धातूला घट्ट धरणारा पहिला थर) गेरूच्या रंगाचा मॅट पीयू (पॉलियुरेथेन), हा रंग ठरलेला.

डाव्या पॅनेलवर प्राइमर मारला की डोळ्यांदेखत खड्डे उघडायचे. दोन-तीन मिमीचे गोल, कडा उचललेली, मधोमध उघडा पत्रा. घासून काढायचं, थिनरने पुसायचं, पुन्हा मारायचं, आणि खड्डे पुन्हा जवळपास त्याच जागी. ‘त्याच जागी’ ही गोष्ट महत्त्वाची ठरली. घासण्याआधी मी प्रत्येक खड्ड्याभोवती पेन्सिलने गोल काढला, आणि सगळे गोल कडेच्या एका पट्ट्यातच आले, अँगल जिथे मागून बसतो तिथे. पॅनेलचा मधला भाग स्वच्छ.

कॉम्प्रेसरमधून तेल येत असतं तर खड्डे सगळीकडे दिसले असते. हवेत सिलिकॉन पॉलिश उडालं असतं तरीही तेच. खात्रीसाठी त्याच पत्र्याचा उरलेला तुकडा घेतला आणि त्याच स्प्रे गनमधून तोच प्राइमर त्यावर मारला. एकही खड्डा नाही. म्हणजे गन, प्राइमर, हवा तिन्ही निर्दोष.

ज्या गॅरेजच्या बूथमध्ये मी रंग मारतो, तिथल्या पेंटर मामांनी पॅनेल हातात घेतलं, उलटं केलं आणि म्हणाले, “साहेब, हे आतून येतंय. गरम करून बघा.” हॉट एअर गनने कडेचा भाग हाताला सोसवेल इतपतच तापवला आणि रिव्हेटच्या डोक्यांवर टिश्यू पेपर दाबून धरला. उचलला तेव्हा प्रत्येक रिव्हेटपाशी पिवळसर कडं उमटलेलं. रॉकेलचा वास मारत होता.

मग सगळा उलगडा झाला. ॲल्युमिनियमला ड्रिल मारताना रॉकेल-तेलाचं मिश्रण वापरतात, त्याशिवाय चिप ड्रिलला चिकटते. त्यात काही गैर नाही. पण ज्या वर्कशॉपमध्ये रिव्हेटिंग करून घेतलं, तिथे भाग न धुताच रिव्हेट ठोकले. अँगल आणि पत्रा यांच्यामधल्या बारीक फटीत ते मिश्रण केशाकर्षणाने धरून राहिलं. वरून थिनरने पुसलं की थिनर फटीत शिरतो, तेल पातळ करतो आणि आणखी बाहेर ओढतो. प्राइमरमधलं सॉल्व्हंटही तेच करतं. तेलाचा पृष्ठताण रंगापेक्षा कमी, त्यामुळे रंग त्या ठिपक्यापासून चारी बाजूंना सरकतो आणि खड्डा तयार होतो. म्हणजे मी जितक्या निगुतीने पुसत होतो, तितकं तेल जास्त वर येत होतं.

रंगाच्या दुकानात ‘फिश आय रिमूव्हर’ नावाचे थेंब मिळतात. ते घालू नका असंच मी सांगेन. ते थेंब म्हणजे बहुतेकदा सिलिकॉनच असतं. सगळ्या रंगाचा पृष्ठताण खाली आणून ते खड्डा झाकतात, पण तेच सिलिकॉन गनमध्ये आणि बूथमध्ये राहतं, आणि पुढच्या प्रत्येक कोटात ते घालत बसावं लागतं. गॅरेजच्या गाड्यांना माझ्यामुळे त्रास झालेला मला चालणार नाही.

तेव्हा रिव्हेट काढायचेच. ३.२ मिमी ड्रिलने डोकी उडवली, अँगल सुटे केले. फटीच्या जागी तेलाची रेषा स्पष्ट दिसत होती. सगळे भाग गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून नायलॉन ब्रशने घासले, विशेषतः छिद्रांच्या आतल्या कडा. मग लाल स्कॉच-ब्राइटची घासणी, पुन्हा धुणं. आणि मग पाण्याची कसोटी, जी इथून पुढे मी कधीही सोडणार नाही: पॅनेल तिरकं धरून वर स्वच्छ पाणी सोडायचं. पत्रा तेलकट असेल तर अळूच्या पानावर जमावं तसं पाणी थेंबाथेंबाने गोळा होतं. स्वच्छ असेल तर अखंड पातळ पडदा पसरतो आणि न तुटता खाली उतरतो. छिद्रांच्या ओळीवरूनसुद्धा तो पडदा तुटला नाही, तेव्हा मी अक्षरशः ओरडलो.

प्राइमर बसला. वर पीयूही बसला. ०.८ नोझलची मिनी गन, दोन बारच्या आसपास दाब, पहिला कोट अगदी हलका, मग दोन भरलेले. आडव्या उजेडात धरून पाहिलं, एकही डोळा नाही! गेरूचा तो मातकट लाल मॅटमध्ये इतका सुरेख दिसतो की पॅनेल टेबलावरून हलवावंसं वाटत नाही. (पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्कने ते थांबत नाही. घरात किंवा गॅलरीत पीयू फवारू नका. बूथ आणि योग्य मास्क नसेल तर एनसीवर (नायट्रोसेल्युलोज रंगावर) समाधान माना.)

पावडर कोटिंग का नाही, हे बरेच जण विचारतात. साइड पॅनेल २.२ मिमीच्या खाचेत सरकतं. पावडरचा थर साधारण ७० मायक्रॉन धरा. पॅनेलच्या दोन्ही बाजूंना मिळून ०.१४ वाढले, खाचेच्या दोन्ही भिंतींवर तेवढेच कमी झाले. २.१४ चं पॅनेल २.०६ च्या खाचेत जाणार नाही. आणि छोट्या कामासाठी खाच मास्क करून द्यायला पावडरवाले सहसा तयार नसतात. मी खाच थ्रीएमच्या टेपने मास्क करून पीयू मारला, पॅनेल हाताने सरकतं. पिवळी स्वस्त टेप घेऊ नका, तिच्याखाली रंग झिरपतो.

आता जोडणी. रिव्हेट पुन्हा नकोत, स्क्रू हवेत. रिव्हेटची काउंटरसिंक १२० अंशांची होती, ती रंगाआधीच ९० अंशांची करून ठेवली. पॅनेलमधलं ३.२ चं छिद्र एम३ (३ मिमी) स्क्रूला अगदी योग्य. अडचण अँगलची. तिथेही ३.२ चं छिद्र, त्यात एम३ चे आटे पडणार नाहीत, त्याला २.५ लागतं. ३.३ करून एम४ चा टॅप मारायचा असं ठरवलं होतं, पण इतक्या लहान केसवर एम४ ची डोकी बोजड दिसतील. हे लिहितानाच वाटतंय, जुने अँगल ठेवायचेच कशाला? १२ × १२ × ३ चा अँगल हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो. नवे कापतो, २.५ चं ड्रिल, एम३ चा टॅप. ३ मिमी जाडीत ०.५ पिचचे सहा आटे मिळतात, पुरेसे आहेत. ठरलं, एम४ रद्द.

सुटे भाग रंगवल्याने एक नवं काम आलं. रंग वीज वाहत नाही, त्यामुळे अर्थिंगच्या दृष्टीने प्रत्येक पॅनेल एकमेकांपासून तुटलं. प्रत्येक पॅनेलला आतून एका स्क्रूभोवती दहा मिमीचा गोल मास्क करून उघडा ठेवला आहे, तिथे स्टार वॉशर येईल. पॉवर सप्लायच्या चौकटीपासून प्रत्येक पॅनेलपर्यंत मल्टिमीटर वाजला पाहिजे. त्याशिवाय मदरबोर्ड आत जाणार नाही.

आणि भाग सुटेच आहेत तर आतली चौकट वेगळ्या रंगाची का नको? जुन्या लेथवर असतो तो करडा हॅमरटोन डोक्यात घोळतोय. त्याची ठोकल्यासारखी नक्षी बऱ्याचदा सिलिकॉननेच येते, जे बाहेरच्या पॅनेलवर मला नको होतं ते तिथे मुद्दाम घातलेलं असतं. म्हणूनच हॅमरटोन बूथमध्ये फवारायचा नाही. ब्रशने लावायचा, वेगळ्या खोलीत, आणि गेरूची पॅनेल पूर्ण वाळून कागदात गुंडाळल्यावरच.

उजवं पॅनेल आणि मागचा भाग अजून रिव्हेटसह तसेच आहेत. आधी ते सोडवतो. मागच्या भागात आयओ शील्डची (मदरबोर्डच्या पोर्टभोवतीच्या पत्र्याची) १५८.७५ × ४४.४५ ची खिडकी आहे, तिच्या कडा मास्क करायच्या की रंगासाठी कानशीने थोडं काढायचं, हे शील्ड बसवून बघितल्यावर ठरवेन.