पहाटेचा पारा किती उतरणार, हे दुपारीच कसं ओळखायचं?

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला दुपारी २८ अंश आणि पहाटे ८, असं सर्रास होतं. जुलैत झड लागली की दिवस-रात्रीतला हाच फरक पाच-सहा अंशांवर येतो. ढगांमुळे हे होतंच. पण आभाळ स्वच्छ असतानाही एका रात्री पारा १३ वर थांबतो आणि चार दिवसांनी ६ पर्यंत घसरतो. वारा पडलेला असेल, तर या फरकामागे मुख्यतः हवेतली वाफ असते.

जमीन रात्रभर उष्णता वर सोडत असते. १५ अंशांची जमीन चौरस मीटरमागे सुमारे ३९० वॅट सोडते. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातली बरीचशी शोषतात आणि त्यांच्याकडून काही उष्णता पुन्हा खाली येते. कोरड्या, निरभ्र रात्री ही परतफेड तीनशेच्या आसपास असते, म्हणजे ८०-९० वॅटची तूट. दमट आणि ढगाळ रात्री तूट १०-२० वर येते, मग पारा उतरणार कसा?

कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत ४२० च्या वर गेलंय, औद्योगिक युगाआधी ते २८० होतं. पण ते आज आणि उद्या जवळपास तेवढंच असतं. त्यामुळे या आठवड्यातली गार रात्र आणि गेल्या आठवड्यातली उबदार रात्र यांतला फरक त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. त्याचा परिणाम दशकांच्या हिशेबात दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर जमिनीवर किमान तापमान कमाल तापमानापेक्षा वेगाने वाढलं. याचं एक कारण असं की दिवसा तापलेली हवा किलोमीटर-दोन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, तर रात्री जमिनीलगतचा शे-दोनशे मीटरचा थरच काय तो गार-गरम होतो. थोडी जादा उष्णताही या पातळ थरात लगेच जाणवते.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. मोबाइलवर दिसणारी आर्द्रतेची टक्केवारी पाहून रात्रीचा अंदाज बांधू नका. ८ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत घनमीटरला साडेसहा ग्रॅम वाफ असते, तर ३० अंशांना ४० टक्के असलेल्या हवेत बारा ग्रॅम. टक्के निम्मे, वाफ जवळजवळ दुप्पट! बघायचा तो दवबिंदू, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव पडायला लागतं तो आकडा.

तो घरीच काढता येतो. एकसारखे दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्यावर मलमलची ओली चिंधी गुंडाळा, दोन्ही सावलीत ठेवून पंखा लावा आणि ओल्याचा आकडा स्थिर झाला की वाचा. कोरडा २८ आणि ओला १७ असेल, तर नाशिकच्या उंचीवर दवबिंदू साधारण १० येतो. ओला १४ दाखवत असेल, तर दवबिंदू थेट २ च्या आसपास. ओल्या थर्मामीटरमधल्या तीन अंशांनी दवबिंदू आठ अंशांनी हलतो, म्हणून चिंधी मळलेली किंवा अर्धवट सुकलेली असता कामा नये.

दव पडू लागलं की किलोमागे सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. त्यामुळे वारा पडलेल्या निरभ्र रात्री किमान तापमान बहुधा दवबिंदूच्या आसपास अडतं. दवबिंदू २ असेल तर तो आधार फार खाली गेला, त्याआधीच उजाडतं. हा अंदाज चुकतो तो मुख्यतः उत्तरेकडून आणखी कोरडी हवा रात्रीतून आली तर. म्हणून संध्याकाळी सातला पुन्हा मोजा.

निफाडच्या सखल भागात गार हवा साचते, ते वेगळंच. शिवाय वेधशाळेचं थर्मामीटर साधारण चार फुटांवर, पेटीत असतं. उघड्या आभाळाखालचं पान त्याहून दोन-तीन अंश गार असू शकतं. किमान ६ म्हटलं की बागेत पानावर ३-४ धरा.

गारठ्यापासून वाचवायला द्राक्षबागेत पहाटे ठिबक सोडतात, त्याचा हिशेब करून पाहा. चौरस मीटरला एक लिटर पाणी २५ अंशांवरून १० वर आलं, तर सहा तासांत सरासरी तीन वॅटसुद्धा मिळत नाहीत, आणि तूट आहे ८०-९० ची. तेच पाणी आदल्या दिवशी सकाळी दिलं, तर ओली जमीन दिवसभराचं ऊन खोलवर घेते आणि रात्री परत करते. भेगाळलेली काळी किंवा नुकतीच भुसभुशीत केलेली जमीन हे करू शकत नाही. तिच्यातली हवा खालची ऊब वर येऊ देत नाही. जाड पाचटाचंही तेच. त्याखाली मुळं उबदार राहतात, पण वरचे घड जास्त गारठतात.

शेकोट्या करायच्याच तर लहान आणि पुष्कळ करा. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते. धुराचा आधार धरू नका, त्याचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता त्यांतून आरपार जाते. आणि कोरड्या हवेत वरून तुषार मारून मध्येच बंद करू नका. ओलं पान बाष्पीभवनाने हवेपेक्षा गार होतं, वर भुरी-डाऊनी या बुरशीजन्य रोगांच्या दिवसांत ओलावा आपणच आणून ठेवलेला असतो.